क्लबातला बिनपगारी पाद्री

विषय जाहीर झाल्यापासून मला दोघातिघांनी विचारले, की आयुष्यभर गेटवर उभा राहून घोषणा देणारा माणूस पाद्र्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि देवळातही सणासुदीलाच जाणारा. शिक्षण म्हणाल तर युनियनच्या कचेरीतल्या कपाटात आणि फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत जे मिळाले तेवढेच. पण संघटनेचे काम करताना एक कोडे माझ्या मागे लागले आहे. कामगार आमच्याकडे पगाराचे गाऱ्हाणे आणतो, बोनसचे आणतो, चार्जशीट घेऊन येतो. सभा संपते, माणसे पांगतात, आणि मग टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून त्यांतलाच एखादा खालच्या आवाजात सांगतो, की पोरगा तीन महिने घरात कोणाशी बोलत नाही. किंवा बायकोच्या आजारापासून आपल्याला रात्रीची झोप नाही. आता याला कोणते कलम लावायचे? ह्याचा माग काढता काढता इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांत फुकट काम करणाऱ्या पाद्र्यांची हकीकत माझ्या हाती लागली. तीच आज सांगणार आहे.

या माणसाला तिकडे चॅपलेन म्हणतात. हसू नका, आपल्या चार्लीचे आडनाव याच शब्दातून आलेले आहे. शब्दाची कुळकथा मोठी गोड आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. थंडीत कुडकुडणारा एक भिकारी पाहून त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा. पुढे मार्टिन संत झाला, त्याचा झगा राजांनी जपून ठेवला. झग्याला लॅटिनमध्ये ‘कापा’. तो ठेवण्याची जागा ती चॅपेल आणि तो सांभाळणारा तो चॅपलेन. गावच्या चर्चचा पाद्री आपल्या चर्चमध्ये बसतो, लोक त्याच्याकडे जातात. चॅपलेन मात्र लोक जेथे असतील तेथे जातो : पलटणीत, तुरुंगात, इस्पितळात, बंदरावर. आणखी एक गोष्ट आम्हा युनियनवाल्यांच्या कामाची. इंग्लंडातल्या छापखान्यांतील कामगार आपल्या युनियनच्या शाखेला ‘चॅपेल’च म्हणत आणि शाखेच्या पुढाऱ्याला ‘चॅपेलचा बाप’! तेव्हा हा शब्द आम्हाला अगदीच परका नाही.

आता क्लब आणि पाद्री यांचा संबंध. तो जुना आहे आणि सुरुवातीला फारसा सुखाचा नव्हता. १८६२ साली हेन्री सॉली नावाच्या एका युनिटेरियन धर्मोपदेशकाने कामगारांच्या क्लबांचा एक संघ स्थापन केला. हेतू चांगला होता. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला दारूच्या गुत्त्याखेरीज जागा असावी, तेथे वर्तमानपत्रे असावीत, व्याख्याने व्हावीत, खेळ असावेत. पैसा व आश्रय बड्या लोकांचा आणि बियरला मज्जाव. पण कामगार येईनात! ज्या माणसाला दिवसभर मुकादमाने शिस्त लावली, तो संध्याकाळी पुन्हा शिस्त लावून घ्यायला कशाला येईल? अखेर काही वर्षांतच बियरचा निर्णय ज्या त्या क्लबावर सोडावा लागला, आणि १८८० च्या दशकात सभासदांनी संघाचा कारभारच आश्रयदात्यांच्या हातून आपल्या हाती घेतला. तो संघ आजही आहे. सॉलीबद्दल मला आदर आहे, कारण बियर दिल्यावाचून क्लब चालत नाहीत हे कळल्यावर तो आपला हट्ट धरून बसला नाही. आपल्याकडच्या किती सुधारकांना हे जमले असते, मला शंका आहे.

फुटबॉलची गोष्टही तशीच. आज जगभर नाव असलेले कितीतरी इंग्रजी क्लब चर्चच्या अंगणात जन्मले. एव्हर्टन १८७८ साली सेंट डोमिंगो या चॅपेलचा संघ म्हणून निघाला, अ‍ॅस्टन व्हिला १८७४ साली वेस्लियन पंथाच्या तरुणांनी काढला, मँचेस्टर सिटीचे मूळ १८८० च्या सेंट मार्क चर्चच्या संघात आहे. कापडगिरण्यांच्या बोल्टन गावात १८७४ साली क्राइस्ट चर्चच्या शाळेतून असाच एक संघ निघाला. पण तेथल्या पाद्रीसाहेबांशी क्लबाचे जागेवरून आणि नियमांवरून बिनसले. तेव्हा १८७७ साली पोरे चर्चमधून सरळ बाहेर पडली. खेळायला कायमचे मैदान नाही, आज येथे तर उद्या तेथे. म्हणून त्यांनी क्लबाचे नाव ठेवले वाँडरर्स, म्हणजे भटके. बोल्टन वाँडरर्स हे नाव आजही तेच आहे. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तर कारभार हाती घेणारा पाद्री क्लबाला नकोसा झाला. मग पाद्र्याचे क्लबात काम तरी काय? याचे एक उत्तर पहिल्या महायुद्धात सापडते, आणि ते सापडते बेल्जियममध्ये. ईप्रच्या आघाडीमागे पोपरिंगे नावाचे छोटे गाव आहे. तेथे डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या लष्करी चॅपलेनने एका भाड्याच्या घरात शिपायांसाठी क्लब उघडला. टॅल्बट हाउस त्याचे नाव. पियानो, चहा, बाग, पुस्तके. पुस्तक हवे असेल तर अनामत म्हणून डोक्यावरची टोपी ठेवायची. शिपाई टोपीवाचून रस्त्यावर फिरू शकत नाही, तेव्हा पुस्तक परत येणारच! प्रार्थनेची जागा अगदी वर माळ्यावर, आणि तेथे वेदी म्हणून सुताराचा बाक. चढून जायचे त्याने जावे, खाली पत्ते कुटत बसायचे त्याने बसावे. आणि क्लेटनच्या खोलीच्या दारावर पाटी होती, की आत येणाऱ्याने आपला हुद्दा बाहेर ठेवावा. ज्या फौजेत शिपायाने साहेबापुढे बसायचेही नाही, तेथे ही पाटी! ते घर आजही पाहायला मिळते. क्लेटन १९७२ साली वारला.

आता आजच्या क्लबातला चॅपलेन. १९७७ साली लंडनजवळच्या वॉटफर्ड क्लबात, ग्रॅहम टेलर व्यवस्थापक असताना, जॉन बॉयर्स हा बाप्टिस्ट पाद्री चॅपलेन झाला. क्लब तेव्हा चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये होता. बॉयर्सने पुढे १९९१ साली खेळातल्या चॅपलेनांची एक संस्था काढली आणि १९९२ पासून तो मँचेस्टर युनायटेडमध्ये हे काम करू लागला. आज इंग्लंडातल्या पुष्कळ व्यावसायिक क्लबांत चॅपलेन असतो, आणि क्रिकेट, रग्बी, घोड्यांच्या शर्यती यांतही. त्यांतले बहुसंख्य बिनपगारी आहेत. माणूस आपल्या चर्चचे काम करतो आणि आठवड्यातला एखादा दिवस वा अर्धा दिवस क्लबाला देतो.

त्या अर्ध्या दिवसात तो करतो काय? वरवर पाहणाऱ्याला वाटेल, काहीच नाही. सरावाच्या मैदानाच्या कडेला उभा राहतो. कँटीनमध्ये जेवायला बसतो. कपडे धुणारी बाई, माळी, तिकिटाच्या खिडकीवरचा कारकून, मग खेळाडू, सगळ्यांना नावाने ओळखतो. खेळाडूला दुखापत झाली म्हणजे तो एका दिवसात संघातून बाजूला पडतो. बाकीचे सरावाला जातात आणि हा एकटा टेबलावर पाय ताणून पडलेला, पुन्हा खेळता येईल की नाही या धास्तीत. चॅपलेन तेथे जाऊन बसतो. नऊ-दहा वर्षांची असताना क्लबाच्या शाळेत घेतलेली पोरे अठराव्या वर्षी बहुतेक सगळी घरी पाठवली जातात. त्या दिवशी त्या पोराशी बोलायला प्रशिक्षकाला वेळ नसतो आणि तोंडही नसते. कोणाचा बाप मरतो, कोणी जुगारात बुडतो, कोणी परदेशातून आलेला असतो आणि त्याला भाषाच येत नाही.

आणि या सगळ्यात त्यांनी एक शिस्त पाळली आहे. माणसाची विचारपूस आपण होऊन करायची, धर्माची गोष्ट मात्र समोरच्याने काढल्याशिवाय काढायची नाही. खेळाडू मुसलमान असेल आणि त्याला इमामाची गरज असेल, तर इमाम गाठून द्यायचा. मला ही शिस्त फार अवघड वाटते. ज्याच्या पोटात एक मत घट्ट बसलेले आहे, त्याने दुःखी माणसापुढे गप्प बसणे म्हणजे काय, हे आम्हा कार्यकर्त्यांना विचारा! आम्ही तर मयताच्या घरीसुद्धा पावतीपुस्तक खिशात घेऊन जातो.

बोल्टनची गोष्ट राहिली. १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमशी सामना चालू असताना बोल्टनचा तेवीस वर्षांचा खेळाडू फॅब्रिस मुआम्बा मैदानातच कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे आपले आपण चालत नव्हते. डॉक्टरांनी शर्थ केली, तो वाचला. खेळ मात्र त्याच वर्षी सोडावा लागला. त्या दिवसांत त्याच्या माणसांच्या सोबतीला जे इस्पितळात होते, त्यांत क्लबाचा चॅपलेन होता. ज्या क्लबाने १८७७ साली पाद्र्याला रामराम ठोकला, त्याच क्लबाने त्याला असे परत आत घेतले होते. फरक एवढाच झाला होता, की आता त्याच्या हाती क्लबाची एकही किल्ली नव्हती.

येथेच माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख आहे. खेळाडू चॅपलेनपाशी मन मोकळे करतो ते तो पाद्री आहे म्हणून नव्हे. संघ निवडणारा व्यवस्थापक, करार करणारे संचालक, तंदुरुस्तीचा दाखला देणारा डॉक्टर, या सगळ्यांच्या हातात खेळाडूची भाकरी आहे. ‘मला भीती वाटते’ असे त्यांच्यापुढे म्हटले, तर शनिवारी बाकावर बसावे लागेल. चॅपलेनच्या हातात काहीच नाही. तो संघ निवडत नाही, अहवाल लिहीत नाही, आणि पगार घेत नसल्यामुळे पगार जाण्याचे भयही त्याला नाही. क्लबाच्या संमतीने तो आत येतो हे खरे, आणि व्यवस्थापकाने दार बंद केले तर त्याला जावे लागते. पण ऐकलेले वर नेऊन पोचवले असा नुसता संशय आला, तरी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टेबलावर कोणी बसणार नाही.

या मौनाला एक मर्यादा आहे, आणि ती पाळली नाही तर सगळेच व्यर्थ. २०१६ साली इंग्लंडात अनेक माजी खेळाडूंनी पुढे येऊन सांगितले, की लहानपणी प्रशिक्षकांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केले आणि वर्षानुवर्षे कोणी ऐकले नाही. म्हणून मुलांत वावरणाऱ्या चॅपलेनची पूर्वीची पोलीस-नोंद तपासली जाते. आणि मुलाला इजा होत आहे असे कळले, तर ते गुपित ठेवायला त्याला मोकळीक नाही. हे तो आधीच सांगून टाकतो.

मग खेळाडूंची युनियन कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू नये. फुटबॉलपटूंची युनियन १९०७ साली मँचेस्टरात निघाली. १९०९ साली फुटबॉलच्या धन्यांनी ती मोडायचा घाट घातला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू हटून बसले. आठवड्याला वीस पौंडांहून जास्त वेतन द्यायचे नाही, हा नियम १९६१ साली संपाची नोटीस दिली तेव्हा कोठे सुटला. कोणा चॅपलेनच्या प्रार्थनेने तो सुटला नसता. करार, वेतन, दुखापतीची भरपाई ही कामे युनियनचीच. एखादा मालक भरपाईऐवजी चॅपलेन पाठवू लागला, तर त्या चॅपलेनने गेटवरून परत फिरावे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमायची सक्ती केली. त्यांतली काही माणसे हाडाची चांगली होती, मी पाहिली आहेत. पण काम कामगाराचे आणि पगार मालकाचा! शिवाय संपाच्या दिवसांत तोच अधिकारी मालकाच्या बाजूच्या खुर्चीत बसलेला दिसे. त्याच्याकडे कामगार रजेचा अर्ज घेऊन गेला, झोप येत नाही हे सांगायला गेला नाही. आणि खरे सांगायचे तर ते सांगायला तो आमच्याकडेही यायला कचरतो, कारण पुढच्या निवडणुकीत आम्हाला त्याचे मत हवे असते. कामगार कल्याण केंद्रात, व्यायामशाळेत, क्रीडामंडळात असा एखादा वडीलधारा माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ बसला, तर ते करून पाहण्यासारखे आहे. तो पाद्री असलाच पाहिजे असे नाही, भटजी-मौलवी तर नाहीच नाही. निवृत्त शिक्षक चालेल, नर्सबाई चालतील. मात्र त्याच्याकडे कमिटीचे पद नसावे आणि त्याने वर्गणीही गोळा करू नये.

शेवटी चॅपलेनचे एक काम सांगायचे राहिले, ते प्रेक्षकांचे आहे. तिकडे माणूस जन्मभर एकाच क्लबामागे असतो, आणि मेल्यावर आपली राख त्याच मैदानावर टाकावी अशी इच्छा पुष्कळ जण सांगून ठेवतात. विनंत्या इतक्या येतात, की अनेक क्लबांना नाही म्हणावे लागते, कारण राख जास्त पडली की गवत जळते आणि माळी वैतागतो. म्हणून काही क्लबांनी मैदानाशेजारी एक लहानशी बाग केली आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी, स्टँड रिकामे असताना, मयताची चार माणसे क्लबाचे मफलर गळ्यात घालून येतात, आणि चॅपलेन त्यांच्याबरोबर तेथे उभा राहतो.