मुंबईच्या नावाची पेटी

लंडनच्या लिलावगृहांच्या याद्यांत ‘बॉम्बे बॉक्स’ ही वस्तू आजही अधूनमधून दिसते. चंदनी लाकडाची पेटी, तिच्यावर हस्तिदंत, अबनूस आणि कथलाच्या नखभर त्रिकोणांची चांदण्यांसारखी नक्षी, आत सुया, रिळे, कात्री ठेवायचे छोटे छोटे कप्पे. विलायतेतले हौशी संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. आणि जिच्या नावाने ती विकली जाते त्या मुंबईत शंभर जणांना विचारा, एखाद्यानेच तिचे नाव ऐकलेले असेल.

लाकडात दुसरे काही जडवण्याची कला आपल्या किनाऱ्याला जुनीच. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने सिंधमधल्या शिंपल्याच्या जडावाच्या पेट्यांचा उल्लेख केला आहे. त्या गोव्याला आणि कोचीनला येत. पुढे सतराव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगीज घरांसाठी आणि चर्चसाठी खणाखणांची कपाटे तयार झाली. सागवानावर अबनूस आणि हस्तिदंत, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, पायांच्या जागी कधी नागकन्या. लिस्बनच्या संग्रहालयांत ही कपाटे आहेत. पण या कामात लाकूड कोरून खाच पाडतात आणि त्या खाचेत तुकडा बसवतात. मुंबईच्या पेटीची रीत निराळी. तिला सादेली म्हणतात.

सादेलीत नक्षी आधी तयार होते आणि पेटीवर नंतर चढते. हस्तिदंत, सांबरशिंग, अबनूस, लालसर पतंगाचे लाकूड, चंदन यांच्या काड्या तासायच्या. बहुतेक त्रिकोणी, काही चौकट कापाच्या. थोडा हस्तिदंत हिरवा रंगवून घ्यायचा. कथलाची तार ओढून तिलाही तसाच आकार द्यायचा. मग या काड्या सरस लावून ठरलेल्या क्रमाने एकत्र बांधायच्या, की जुडीच्या टोकाला षटकोन किंवा चांदणी उमटते. अशा अनेक जुड्या पुन्हा एकत्र चिकटवल्या की मोठी नक्षी होते. सरस वाळून जुडी दगडासारखी झाली, की बारीक दात्यांच्या करवतीने तिचे आडवे काप काढायचे, कागदी बर्फीपेक्षा थोडे जाड. प्रत्येक कापावर तीच चांदणी. हे काप पेटीच्या अंगावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि शेवटी सगळे घासून एका पातळीत आणायचे.

कौशल्य काड्या तासण्यात आहे. एका काडीची धार केसभर जाड राहिली तर जुडीत फट पडते, आणि ती फट त्या जुडीच्या प्रत्येक कापात दिसते. करवतीचाही खर्च असतो: जेवढे काप मिळतात, जवळपास तेवढाच माल भुशात जातो. हस्तिदंताचा भुसा! कथील घालण्यामागे मात्र नुसती हौस नव्हती. हस्तिदंत कालांतराने पिवळट होतो, अबनूस काळाच राहतो. या दोघांमध्ये पांढरी चमक देणारे कथीलच. दिव्याच्या उजेडात पेटी हलवली की नक्षी चमचमते ती त्याच्यामुळे.

ही विद्या आली कुठून? जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 साली भारतीय कलाकारागिरीवर लिहिलेल्या पुस्तकात तिचा माग इराणमधल्या शिराझपर्यंत नेला आहे: शिराझहून सिंध, सिंधहून सुरत आणि मुंबई. शिराझला आजही अशाच पद्धतीने काड्या बांधून, काप काढून खातमकाम होते, तेव्हा ही वाट पटण्यासारखी आहे. बर्डवुड बेळगावात जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आणि भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत खपलेले गृहस्थ. सुरतेत हे काम करणारे पारशी आणि हिंदू दोन्ही होते. पारशांतले पेटीगरा हे आडनाव या धंद्याचेच.

एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा या पेटीचा भराचा काळ. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी मायदेशी परतताना घरच्या बायकांसाठी शिवणाच्या पेट्या, पत्रे लिहायचे उतरते डेस्क, भेटीची कार्डे ठेवायच्या डब्या घेऊन जात. आकार विलायती, नक्षी इथली. सुरतेचे बंदर गाळाने आणि मुंबईच्या भरभराटीने मागे पडले, माल मुंबईहून जहाजावर चढू लागला, आणि नाव बंदराचे लागले. सुरतेच्या पुष्कळ कामाचे श्रेय मुंबईच्या खात्यावर जमा झाले ते असे. 1851 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात या पेट्या लाखो लोकांनी पाहिल्या. इथेही त्यांना मान होता. पारशी घरांत लग्नकार्यात त्या दिल्या जात, आणि मानपत्रे चंदनी करंडकातून देण्याची पद्धत तर विसाव्या शतकातही चालू राहिली.

सुरुवातीच्या पेट्या मला सर्वांत उजव्या वाटतात. सगळ्या अंगभर सादेली, तरी डोळ्यांना गर्दी होत नाही. शतकाच्या मध्यावर फॅशन बदलली. झाकणावर चंदनाचे उठावदार कोरीव काम आले, पानाफुलांत हत्ती-वाघ आले, आणि सादेली काठापुरती उरली. साडीचा पदर जावा आणि किनार राहावी तसे झाले. मागणी वाढली तशी घाईही वाढली. काड्या जाड झाल्या, नक्षीचे प्रकार घटले, चंदनाऐवजी हलके लाकूड आणि वर नुसता पातळ थर. त्यातून विलायतेची हवा या पेट्यांना मानवली नाही. शेकोटीने कोरड्या झालेल्या खोलीत लाकूड आकसते, कथील आकसत नाही, सरस सुटतो आणि काप खपल्यांसारखे उचलले जातात. स्वस्त पेट्यांची ही गत लवकर झाली आणि नाव सरसकट सगळ्यांचे खराब झाले. शतक संपता संपता तिकडची शिवणाच्या पेटीची हौसही ओसरली.

सादेली हस्तिदंतावरच्या बंदीने मेली, असे नेहमी सांगितले जाते. तारखा पाहिल्या की हे पटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 च्या दुरुस्तीने थांबला आणि आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताचा 1991 च्या दुरुस्तीने. तोपर्यंत सादेलीचे बहुतेक कारखाने केव्हाच बंद झाले होते. बंदी योग्यच होती. हत्ती वाचवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. कला खंगली ती परक्या गिऱ्हाइकाच्या आवडीवर सर्वस्व टाकल्यामुळे. म्हैसूरची गोष्ट ताडून पाहावी. तिथल्या शिसवी जडावकामालाही हस्तिदंत लागत असे. पण राजवाड्याचा आश्रय होता, पुढे राज्य सरकारच्या दुकानांतून विक्री झाली, आणि कारागिरांनी हस्तिदंत सोडून रंगीबेरंगी लाकडांची चित्रे जडवायला घेतली. तो धंदा आजही पोट भरतो. मुंबईच्या पेटीला असा पाठीराखा मिळाला नाही. आपल्याकडे सावंतवाडीची चितारआळी टिकली, पण तिथले लाकूडकाम रंगाच्या जोरावर उभे आहे, जडावाच्या नव्हे.

सगळ्याच जडावकामापुढची नवी अडचण लाकडाची आहे. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आल्या. 2022 साली या यादीसाठी पनामात भरलेल्या परिषदेत भारताच्या मागणीवरून, खेप कितीही मोठी असली तरी, प्रत्येक नगात दहा किलोपेक्षा कमी लाकूड असलेल्या हस्तकलेला सूट मिळाली, तेव्हा छोट्या कारागिरांना थोडा दिलासा वाटला. सुरतेत सादेली जाणणारी मोजकीच कुटुंबे उरली आहेत. हस्तिदंताच्या जागी ती प्लॅस्टिकच्या काड्या वापरतात. नाक मुरडणारे मुरडोत. काड्या तासणे, जुडी बांधणे, काप काढणे हे सगळे हातानेच होते, आणि जिवंत आहे ते हेच. गेल्या काही वर्षांत या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले, सुरतेच्या नावाने. ते योग्यच झाले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी, विशेषतः मुंबई, पुणे किंवा नवसारीकडच्या जुन्या घरांत, अशी पेटी असेल तर एवढे करा. ओल्या फडक्याने पुसू नका, तेल किंवा पॉलिश लावू नका. सुटलेला काप फेव्हिकॉलने चिकटवू नका, कारण तो पुन्हा नीट काढता येत नाही. तो तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवा आणि संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला दाखवा. हस्तिदंत असेल तर पेटी विकता येणार नाही, आणि शंभर वर्षांहून जुनी असेल तर परदेशी नेता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या. पेटी घरात कुणाची, कुठून, कधी आली हे घरातल्या थोरल्या माणसांना विचारून आजच एका कागदावर लिहून तिच्यात ठेवा.