पायवाटेने मोजलेले अंतर

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्थानकापलीकडच्या डोंगरात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या दर्शनार्थ गोंड समाजाचे अगणित भाविक येथे लोटतात. परंतु यात्रा उलगली, की उरतात ते अरण्यात विखुरलेले टोले, आणि वेणा सुरू झालेल्या स्त्रीला दवाखाना किती दूर, हा बारमाही प्रश्न.

सरकारी दप्तरातला दंडक असा, की सपाट मुलखात 30,000 आणि डोंगरी वा आदिवासी मुलखात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. हा दंडक सहृदय खरा, पण तो माणसे मोजतो, वाट मोजत नाही. शिवाय हद्दी आखणे हे नुसत्या अंदाजाचे काम नव्हे. अवघी 100 गावे 4 केंद्रांकडे वाटून द्यायची म्हटली, तरी वाटपाच्या शक्यतांची संख्या 61 अंकी भरते. त्यांतून इष्टतम वाटप निवडण्याचे शास्त्र हकिमी यांनी 1964 साली, आणि चर्च व रेव्हेल यांनी 1974 साली पुष्कळच पुढे नेले.

परंतु इष्टतम म्हणजे काय, हे गणित आपण होऊन सांगत नाही. समजा, एका गावात 900 माणसे आहेत आणि 10 किलोमीटरवरच्या टोल्यात 100. केंद्र गावातच ठेवले, तर सरासरी अंतर 1 किलोमीटर, अहवाल देखणा, आणि टोल्याच्या नशिबी पूर्ण 10 किलोमीटर. ते मधोमध नेले, तर सर्वांना 5. कोणालाही 8 किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये एवढीच अट घातली, तर केंद्र गावापासून 2 किलोमीटरवर येते आणि सरासरी 2.6 होते. न्यायाची किंमत ती एवढी. माझ्या मते ती निःसंकोच मोजावी.

येथे मात्र अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. जवळच छत्तीसगड आणि मध्य प्रदेश यांच्या सरहद्दी असल्याने सर्वांत निकटचा दवाखाना कधी परक्या अंमलातही निघावयाचा, आणि नाल्याला पूर आला, की काल तासाभराची असलेली वाट आज मुळी वाटच उरत नाही. म्हणून अंतरांची दोन कोष्टके लागतात, एक उन्हाळ्याचे आणि एक पावसाळ्याचे. आणि हे दुसरे कोष्टक भरावयाचे, तर कागद घेऊन टोल्यातल्या आशाताईंच्या अंगणातच बसावे लागते.