बर्फाखालचा मासा दिसतो कसा?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठले की लोक त्यावर चालत जातात, गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंद भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. पाणी 4° सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून बर्फ वर राहतो, खालचे पाणी द्रवच राहते आणि त्यात मासे हिवाळाभर जगतात. हे आपण वर्गात शिकवतोच. पण त्या अंधाऱ्या पाण्यात मासा आहे की नाही, हे वर बसलेल्याला कसे कळते?

त्यासाठी ते भोकातून एक चकती पाण्यात सोडतात. चकतीत दाबविद्युत गुणधर्माचे सिरॅमिक असते. विजेचा स्पंद दिला की ते थरथरते व ध्वनी पाठवते. प्रतिध्वनी येऊन आदळला की तेच विद्युतदाब निर्माण करते. तोंड आणि कान एकच! ध्वनीची वारंवारता बहुधा 2 लाख हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या श्रवणमर्यादेच्या दसपट असते. थंड गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1400 मीटर. भागाकार करून पाहा: तरंगलांबी 7 मिलिमीटर येते. तरंग इतका आखूड, म्हणून लहान वस्तूही सापडते. 10 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला 20 ÷ 1400, म्हणजे सुमारे 14 सहस्रांश सेकंद लागतात. उपकरण मोजते ते एवढेच, वेळ. खोली हे त्याचे गणित असते.

जुन्या उपकरणांत फिरत्या चकतीवरचा दिवा प्रतिध्वनी आला की लुकलुकत असे. डिजिटल उपकरण प्रत्येक प्रतिध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून स्मृतीत ठेवते आणि पडद्यावर एकापुढे एक उभ्या रेघा मांडत जाते. आडवा अक्ष काळाचा, उभा खोलीचा. येथे पुष्कळांची फसगत होते. पडदा म्हणजे पाण्याचे छायाचित्र नव्हे, तो आलेख आहे. चालत्या नावेतून पाहिले तर मासा कमानीसारखा उमटतो, कारण नाव जवळ येते तसे अंतर घटते व पुढे वाढते. बर्फावर चकती स्थिर असते. मासाही स्थिर असला तर नुसती सरळ रेघ उमटते. काही उपकरणे माशाचे गोंडस चित्र काढतात, पण तो आज्ञावलीचा अंदाज असतो. त्या चित्रावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक मर्यादा. ध्वनी शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन 20 अंश असेल, तर 10 मीटर खोलीवर त्याचा व्यास साडेतीन मीटर होतो. कडेच्या तळाशी तिरके अंतर सुमारे 15 सेंटिमीटरने जास्त भरते, म्हणून तिथे तळाला चिकटलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनीत हरवतो. (त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर द्यावे.)

आता खरी मौज. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखेच. ठळक प्रतिध्वनी येतो तो त्याच्या पोटातील वाताशयावरून, म्हणजे हवेच्या पिशवीवरून. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परत फिरतो. सोनोग्राफीच्या वेळी पोटाला जेली लावतात तीही याच कारणाने, मध्ये हवा राहू नये म्हणून.

हीच पिशवी माशाच्या जिवावर उठते. 10 मीटरवर एकूण दाब सुमारे 2 वातावरण असतो. मासा झटकन वर ओढला की दाब निम्मा होतो आणि बॉइलच्या नियमानुसार हवा दुप्पट जागा मागते. ट्राउटच्या वाताशयाला घशाशी जोडलेली नळी असते, तो हवा तोंडावाटे सोडू शकतो. पर्च व वॉलआय यांची पिशवी बंद. फुगलेल्या पिशवीमुळे कधी जठर तोंडातून बाहेर ढकलले जाते. लहान म्हणून परत सोडलेला असा मासा खाली जाऊ शकत नाही, बर्फाखालीच तरंगत राहतो आणि अनेकदा मरतो. म्हणून तिथल्या मासेमारांना सल्ला देतात की मासा सोडूनच द्यायचा असेल तर पडद्यावर आधी खोली पाहा, आणि ती फार असेल तर गळ टाकूच नका.