मुक्या जिवांचें औषधपाणी

घरांतील माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या औषधपाण्याची व्यवस्था कोणी न सांगतांहि लागते. काढा कोणी करावयाचा, पथ्य कोणी पाहावयाचें, रात्रीं उशाशीं कोणी बसावयाचें, हें एकत्र कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या ठरलेलें असतें. परंतु त्याच घरांतील मांजर दोन दिवस कोठीच्या खोलींत अंग मुडपून बसलें, किंवा ओसरीवरील कुत्र्यानें भाकरीकडे तोंड फिरविलें, म्हणजे हळहळ सर्वांस वाटते आणि व्यवस्था मात्र कोणाचीच नसते. एक जण जखमेवर हळद दाबतो. दुसरा स्वतःच्या डोकेदुखीची गोळी मोडून अर्धी चारतो. तिसरा ‘जनावर आपलें आपण बरें होतें’ असें सांगून मोकळा होतो. या तिघांपैकीं दुसऱ्याविषयीं आम्हांस विशेष लिहावयाचें आहे. कारण त्याच्याच हातून, आणि तेंहि केवळ मायेपोटीं, जनावर दगावण्याचा संभव सर्वांत अधिक.

आमच्या महाड-पोलादपूर भागाची एक अडचण आहे. तालुक्याच्या गांवीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. पण आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं किंवा कशेडीच्या अंगास राहणाऱ्या कुटुंबास ऐन आषाढांत आजारी कुत्रें तेथवर नेणें ही एका दिवसाची मोहीमच होय. डॉक्टर जनावर पाहतात तें पांच-दहा मिनिटें. पुढील दहा, वीस, प्रसंगीं अठ्ठावीस दिवसांची चिकित्सा घरच्या माणसांनींच करावयाची असते.

पशुचिकित्सा आपणांस नवी नाहीं. शालिहोत्राचें अश्वशास्त्र व पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांचीं नांवें बहुतेकांनीं ऐकलेलीं असतात. अज्ञातवासांत विराटाच्या घरीं नकुलानें घोड्यांची आणि सहदेवानें गाईंची राखण पत्करली. अशोकानें तर माणसांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचें गिरनारच्या शिळेवर खोदवून ठेविलें. तथापि हत्ती-घोडे हें राजांचें धन आणि गाय हें गृहस्थाचें. मांजराची नाडी पाहावयास कोणी राजवैद्य नेमल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. मांजराचा वैद्य म्हणून त्या घरची गृहिणीच आजवर काम करीत आली आहे, आणि तिच्या हाताशीं असतें तें माणसांच्या औषधांचें कपाट.

या कपाटांत सर्वांत घातक वस्तु म्हणजे तापावरची पॅरासिटामॉलची गोळी. मनुष्याचें यकृत हें औषध दुसऱ्या द्रव्याशीं जोडून निरुपद्रवी करितें व मूत्रावाटे बाहेर टाकितें. मांजराच्या यकृतांत हें जोडकाम करणारें एन्झाइम जवळजवळ नसतेंच. त्यामुळें औषधाचें विष होऊन तें रक्तांतील तांबड्या पेशींवर घाला घालतें व रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. हिरड्या निळसर किंवा चॉकलेटी दिसूं लागतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. ४ किलो वजनाच्या मांजरास ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडाहि प्राणघातक होऊं शकतो. यास ॲसिटिलसिस्टीन नांवाचा उतारा आहे. पण तो कांहीं तासांच्या आंत मिळाला तरच खरा उपयोगी. म्हणून अशी गोळी पोटांत गेल्याचें कळतांच लक्षणांची वाट न पाहतां, गोळीचें वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गांठावा.

कुत्र्याचें शरीर या एका बाबतींत थोडें सोशीक आहे. तथापि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादि अंगदुखीच्या गोळ्यांनीं त्याच्या जठरास व्रण पडतात, काळी विष्ठा होऊं लागते व मूत्रपिंडें निकामी होतात. गोचीड मारण्याच्या थेंबांचाहि असाच प्रकार. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन असतें. तें कुत्र्यास सोसतें, परंतु मांजरास झटके आणून मारतें. कुत्र्यास नुकतेच थेंब टाकले असतां त्याच्या कुशींत मांजरानें झोंपणेंहि धोक्याचें आहे.

एकास गुणकारी तें दुसऱ्यास विष, हें समजावयास आमच्या जिल्ह्यांतच एक मोठें उदाहरण आहे. गुरांस दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोंचीत असत. बैलास त्यानें आराम पडे. पण तो बैल लवकरच मेला तर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें बंद पडत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० नंतर इतकी घसरली कीं शंभरांत एकहि उरलें नाहीं. खरें कारण २००४ सालीं उघड झालें, २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध करण्यास आपल्या देशांत बंदी झाली, आणि माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जाऊं नयेत म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरची ठरली. महाडच्या सिस्केप संस्थेनें म्हसळा तालुक्यांतील चिरगांव येथें गिधाडें राखण्यासाठीं केलेलें काम आमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. गोठ्यांतील एका टोंचणीचा परिणाम आकाशांतील पक्ष्यापर्यंत पोंचला. मग दिवाणखान्यांतील गोळीचा परिणाम मांजरावर होईल यांत नवल तें काय?

आतां प्रत्यक्ष कृति. वैद्यकांत औषधाइतकेंच अनुपानास महत्त्व आहे, आणि कुत्र्यास गोळी देणें हा बव्हंशीं अनुपानाचाच प्रश्न आहे. लोण्याचा गोळा, मऊ भाताचा मुटका, उकडलेल्या अंड्याचा बलक, यांपैकीं काय चालेल तें घराण्याच्या आचाराप्रमाणें ठरवावें. पहिला घांस रिकामा, दुसऱ्यांत गोळी, तिसरा लगेच नाकापुढें. म्हणजे तिसऱ्याच्या लोभानें दुसरा न चावतां गिळला जातो. मनुका, द्राक्षें, कांदा, लसूण व चॉकलेट यांतून गोळी कदापि देऊं नये. हीं कुत्र्यास स्वतःच विषारी आहेत. भज्यांत गोळी लपविण्याची युक्ति त्याज्य ती यामुळेंच. दुधांतून देण्याची चाल तर सार्वत्रिक आहे. परंतु गोचीडतापावर जें डॉक्सिसायक्लीन देतात त्यास दुधांतील कॅल्शियम बांधून ठेवितें आणि औषधाचा कांहीं भाग वायां जातो. गोळी कुटण्यापूर्वींहि विचारून घ्यावें; कांहीं गोळ्यांवरचें आवरण त्या जठरांत न विरघळतां आंतड्यांत विरघळाव्या यासाठींच असतें.

मांजर मात्र अनुपानास फसत नाहीं. त्यास जाड पंचांत मानेपर्यंत गुंडाळावें, मेजावर ठेवावें व तोंड आपल्यापासून पलीकडे करावें. डाव्या हातानें डोकें वरून धरून नाक किंचित् वर करावें. उजव्या हाताच्या मधल्या बोटानें खालचा जबडा उतरवून गोळी जिभेच्या अगदीं मुळाशीं सोडावी आणि तोंड मिटून गळा कुरवाळावा. मांजरानें नाक चाटलें म्हणजे गोळी गिळली असें समजावें. येथें काम संपलें असें पुष्कळांस वाटतें, पण तसें नाहीं. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेंत अडकून राहते. डॉक्सिसायक्लीनची अशी अडकली तर तेथें जखम होऊन नळी आकसते व मग मांजरास अन्न उतरेनासें होतें. याकरितां गोळीमागून सुई काढलेल्या सिरिंजनें सुमारें ५ मिलिलिटर पाणी पाजलेंच पाहिजे. पाणी किंवा पातळ औषध सरळ घशांत सोडूं नये. गालाच्या बाजूनें, सुळ्यामागील फटींतून, थोडें थोडें द्यावें, आणि त्या वेळीं डोकें उंच करूं नये. डोकें उंच करून घटाघटा पाजलेलें औषध फुप्फुसांत उतरतें व त्यापासून होणारा न्यूमोनिया मूळ आजाराहून वाईट असतो.

येथें एक सूचना सर्वांत कडक. कुत्र्याचा जबडा लोंबत आहे, लाळ गळत आहे, पाणी गिळतां येत नाहीं, आवाज बदलला आहे, असें दिसल्यास ‘घशांत हाड अडकलें असेल’ म्हणून तोंडांत हात घालूं नये; औषध पाजण्याचा यत्नहि करूं नये. हीं पिसाळ रोगाचीं लक्षणें असूं शकतात. दांत न लागतां नुसती लाळ हाताच्या ओरखड्यास लागली तरी ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं लस घ्यावयास निघावें. रोगाचीं लक्षणें एकदां उमटल्यावर मनुष्यासहि उपाय उरत नाहीं. मुलाबाळांच्या घरांत हें सर्वांस माहीत असलें पाहिजे.

आमच्याकडील पावसाळ्याविषयीं दोन शब्द. २०२१ च्या जुलैंत सावित्री-गांधारीचें पाणी महाडांत घरोघर शिरलें तो प्रसंग कोणी विसरलेला नाहीं. अशा पुरांत भिजलेलीं औषधें, पाकीट शाबूत दिसलें तरी, टाकून द्यावीं. एरवींहि कोंकणांतील दमट हवेंत वेष्टनांतून काढलेली गोळी दोन दिवसांत मऊ पडते. तोडलेले तुकडे झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावे. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस माणसांस होतो तसाच कुत्र्यांसहि होतो, व आजारी कुत्र्याच्या मूत्रांतून तो पुनः माणसांकडे येऊं शकतो. सबब ओसरी धुतांना हातांत रबरी मोजे असावे. पुरानंतर माणसांस प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लीन देण्याची रीत आहे, आणि त्यांतील उरलेल्या गोळ्या कुत्र्यास अंदाजानें चारण्याचा मोह होतो. औषध योग्य असलें तरी मात्रा वजनावर ठरते. प्रथम कुत्र्यास कडेवर घेऊन कांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें. वजाबाकी चौथीच्या मुलासहि येते. तो आंकडा डॉक्टरांस सांगावा.

राहिला प्रश्न एकत्र कुटुंबाचा. येथें औषध चुकतें तें माणसें कमी म्हणून नव्हे, पुष्कळ म्हणून. थोरल्या वहिनींस वाटतें धाकटीनें गोळी दिली; धाकटीस वाटतें भावोजींनीं; आणि एखादे दिवशीं तिघांनींहि दिलेली असते. आम्हीं उभा जन्म हजेरीपट भरण्यांत घालविला, म्हणून आमची सूचनाहि त्याच वळणाची आहे. औषध देण्याचें काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावें, ती परगांवीं गेल्यास दुसरें नांव आधींच ठरवावें, आणि गोळी पोटांत गेल्याबरोबर भिंतीवरील कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकटींत खूण करावी. खूण नाहीं तर गोळी नाहीं. खूण आहे तर दुसऱ्यानें डब्यास हात लावूं नये.

गोचीडतापांत या खुणांची खरी परीक्षा होते. या रोगांत कुत्र्यास ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें. रक्त गोठविणाऱ्या बिंबाणूंची संख्या उतरलेली असते. औषध बहुधा चार आठवडे चालतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशींच कुत्रें शेपूट हालवीत भाकरीवर येतें. घरांत आनंद होतो, आणि त्या आनंदांतच औषध थांबतें. रोगजंतु प्लीहा व अस्थिमज्जा यांत दबून राहतात आणि कांहीं महिन्यांनीं पुनः वर येतात. त्या वेळीं अस्थिमज्जाच नवें रक्त करीनाशी झाली तर डॉक्टरांचाहि इलाज चालत नाहीं. तेव्हां भाकरी खाल्ली तरी गोळी चालूं ठेवावी, अठ्ठाविसावी खूण पडेपर्यंत. आणि त्यानंतर कुत्र्यास एकदां तालुक्यास नेऊन रक्त तपासावयास द्यावें. बिंबाणु पूर्ववत् झाले कीं नाहींत हें डोळ्यांनीं कळत नाहीं, तेथेंच कळतें.