बारभाईंतून एकटे उरलेले नाना

मागच्या व्याख्यानात आपण सत्ता मिळते कशी, याचा विचार केला. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. सत्ता मिळाल्यावर माणूस शत्रूंच्या आधी आपल्याच माणसांकडे का वळतो?

रशियातला आकडा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. १९३४ साली कम्युनिस्ट पक्षाचं सतरावं अधिवेशन भरलं. तिथे जमलेल्या १९६६ प्रतिनिधींपैकी ११०८ जणांना पुढे अटक झाली. मध्यवर्ती समितीच्या १३९ सभासद-उमेदवारांपैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हे आकडे १९५६ साली खुद्द ख्रुश्चेव्हनंच सांगितले. ही माणसं झारची नव्हती, भांडवलदारांचीही नव्हती. स्टॅलिनसाठी टाळ्या वाजवणारीच होती. आपण म्हणतो, रशिया लांब आहे, तिथलं सगळंच वेगळं. म्हणून आज जवळचं उदाहरण घेऊ. पुण्याचं.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. त्यांच्याविरुद्ध जे कारभारी एकत्र आले, ते बारभाई. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे, मोरोबा फडणीस वगैरे मंडळी. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेलं, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

इथे जरा थांबू, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. पेशवा पाळण्यात. म्हणजे सत्ता आहे, पण ती चालवण्याचा जन्मसिद्ध हक्क कारभाऱ्यांपैकी कुणाचाच नाही. बाळाच्या नावानं आज नाना हुकूम काढतात, उद्या बापू काढू शकतात, परवा मोरोबा. रघुनाथराव शत्रू खरे, पण ते बाहेर होते, सगळ्यांना दिसत होते. बापूंचं तसं नव्हतं. खजिना त्यांना ठाऊक, सरदार त्यांचं ऐकणार, पत्रांवर त्यांची सही चालणार. जो आपल्या जागी उद्या सकाळी बसू शकतो, त्याची धास्ती तोफा घेऊन येणाऱ्यापेक्षा जास्त असते. त्यात बापू साडेतीन शहाण्यांतले पूर्ण शहाणे, आणि नाना तलवार चालवत नाहीत म्हणून लोकांनी त्यांना अर्धंच धरलेलं!

पहिली पाळी मोरोबांची आली. हे नानांचे चुलतभाऊ. १७७८ च्या सुरुवातीला त्यांनी तुकोजी होळकरांच्या पाठिंब्यावर पुण्याचा कारभार हातात घेतला. इंग्रजांच्या मदतीनं रघुनाथरावांना परत आणायचा बेत होता. नानांना पुरंदरावर जावं लागलं. हरिपंत तेव्हा हैदरावर गेलेले, आणि महादजी शिंदे आपल्याच कोल्हापूरच्या स्वारीवर. दोघं परतले, होळकर बाजूला झाले आणि जुलैत मोरोबा पकडले गेले. रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात.

बापूंचं अंग या कटात आहे, असा संशय होताच. पण त्यांना लगेच हात लावला नाही. का? १७७६ च्या पुरंदरच्या तहावर बापूंची सही होती. इंग्रजांना तोच तह दाखवून अडवायचं, तर सही करणारा माणूस कैदेत कसा टाकणार? पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांचा पराभव झाला. सहीची गरज संपली. त्याच वर्षी रघुनाथरावांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बापूंना धरलं. सिंहगड, मग प्रतापगड, मग रायगड. अफझलखानाच्या प्रसंगी शिवाजी महाराजांची वकिली करणारे पंताजी गोपीनाथ ज्या बोकील घराण्यातले, त्याच घराण्यातला हा म्हातारा कारभारी प्रतापगडावर कैदी होता. १७८१ साली रायगडावर ते वारले.

आता कुणी विचारेल, मग नाना हुकूमशहा होते का? आम्ही तसं म्हणणार नाही. मोरोबांनी खरोखरच उठाव केला होता. स्टॅलिनच्या खटल्यांतले गुन्हे रचलेले होते. नानांनी सहकाऱ्यांना कैदेत टाकलं, सहकाऱ्यांची घरंदारं, गावं, मित्र यांचा संहार केला नाही. राज्यही त्यांनी वीस-एक वर्षं राखलं. हा फरक लहान नाही, आणि तो पुसून टाकणारा अभ्यासक आळशी म्हणावा लागेल. पण रीत मात्र ओळखीची आहे. एकेकाला गाठायचं, आरोप खऱ्या-खोट्याच्या सीमेवरचा निवडायचा, आणि वेळ अशी साधायची की त्या माणसाची कुणालाच गरज उरलेली नसेल.

आणि बाकीचे? ते नेहमी मदतच करतात. आम्हांला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही. मोरोबा गेले तेव्हा बापू मोकळे होते, वजन बाळगून होते, तरी मोरोबा सुटले नाहीत. बापू गेले तेव्हा त्यांच्यासाठी उभं राहायला मोरोबा नव्हते. महादजींचा हिशेब वेगळा होता, हरिपंतांची निष्ठा प्रामाणिक होती, पण परिणाम एकच. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांनी ट्रॉट्स्कीला खाली खेचायला स्टॅलिनला हात दिला होता. १९३६ साली गोळ्या त्यांनाच घातल्या गेल्या.

हिरोडोटसनं एक गोष्ट सांगितली आहे. कॉरिंथच्या पेरिअँडरनं मिलेटसच्या थ्रॅसिबुलसकडे दूत पाठवून विचारलं, राज्य सुरक्षित कसं ठेवावं? थ्रॅसिबुलस काही बोलला नाही. शेतातून चालत राहिला आणि जे कणीस सगळ्यांत उंच दिसेल ते छाटत गेला. पेरिअँडर जे समजायचं ते समजला. आम्ही वर्गात ही गोष्ट सांगायचो तेव्हा कागल-गडहिंग्लजकडची पोरं हसायची. त्यांच्या घरी भरदार कणीस छाटून टाकत नाहीत, बियाण्याला राखून ठेवतात.

१७९४ मध्ये महादजी गेले, हरिपंत गेले. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले, वय अवघं एकवीस. गादीवर कोण, हे ठरवायला बरोबरीनं बसून ‘नाही’ म्हणू शकणारा जुना बारभाई उरला नव्हता. पुढची दोन वर्षं नाना एकटे फिरत होते. कधी शिंद्यांच्या दारी, कधी निजामाकडे, तर कधी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या विरुद्ध कोल्हापूरकरांना उठवत. ३१ डिसेंबर १७९७ ला दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना पकडलं आणि नेलं ते अहमदनगरच्याच किल्ल्यात. काही महिन्यांनी सुटले, पुन्हा कारभारात आले, १३ मार्च १८०० ला वारले.

‘बारभाईचा कारभार’ हा शब्द मराठीत आज गोंधळाला वापरतात, हे जाता जाता लक्षात घ्या. पुढच्या व्याख्यानात मॉस्कोचे खटले घेऊ. निरपराध माणसं भर कोर्टात आपणच गुन्हेगार आहोत असं का म्हणाली, ते पाहू.