वृद्ध रुग्णाचे ‘बरं हाय’ : एक विचार

वृद्ध रुग्णास ‘कसे काय आहे?’ असे विचारले असता आमच्या अंबड तालुक्यात बहुधा एकच उत्तर मिळते – ‘बरं हाय.’ या उत्तरावर विसंबून आम्ही वर्षानुवर्षे केसपेपर लिहीत आलो. अंतरवाली सराटी येथील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना जानुसंधिगत वातासाठी योगराज गुग्गुळ व अभ्यंगार्थ नारायण तेल दिले होते. दोन महिन्यांत उपशय नाही, म्हणून आम्ही योग बदलला. पुढील खेपेस त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, ती सीलबंद! मुलगा व सून ऊसतोडीस गेलेले. ‘‘झाकण उघडंना डॉक्टर, अन् रोज कुणाला हाक मारावी?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

रुग्णाच्या सांगण्यास किती प्रमाण मानावे, हा प्रश्न वार्धक्याचे देशोदेशी संशोधन करणाऱ्यांनाही पडला आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखविले, की दीर्घायुषी केरळात लोक आजाराच्या तक्रारी अधिक सांगतात, तर बिहारात कमी. जेथे दुखणे सहन करण्याची सवय आहे, तेथे ते दुखणे म्हणून सांगितलेच जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या अभ्यासात चीन, घाना, भारत, मेक्सिको, रशिया व दक्षिण आफ्रिका या सहा देशांतील पन्नाशीपुढील व्यक्तींचा समावेश आहे. भारतातील निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्याचीच संक्षिप्त प्रश्नावली आफ्रिका व आशियातील आठ केंद्रांवर वापरली गेली. त्यांपैकी भारतातील केंद्र म्हणजे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राचे वढू. तेथे स्त्रियांनी आपले आरोग्य पुरुषांपेक्षा अधिक खालावलेले सांगितले. या संशोधनात एक युक्ती योजली आहे. एखाद्या काल्पनिक व्यक्तीचे वर्णन वाचून दाखवायचे, तिची प्रकृती कशी वाटते ते विचारायचे आणि उत्तर देणाऱ्याची फूटपट्टी त्यावरून ओळखायची. शिवाय मुठीची पकड व चार मीटर चालण्यास लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजतात. मुंबईच्या अंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढील सुमारे ७२ हजार भारतीयांची जी ‘लासी’ पाहणी केली, तीतही पकड व चाल मोजली होती.

आपल्या शास्त्रास हे नवे नाही. चरकोक्त दशविध परीक्षेत व्यायामशक्ती आहे आणि ती कर्मशक्तीवरून, म्हणजे प्रत्यक्ष काम करण्याच्या सामर्थ्यावरून, जाणावी असे सांगितले आहे. वार्धक्याचा आरंभ चरक साठीनंतर मानतात, सुश्रुत सत्तरीनंतर; तेव्हा केवळ वयाच्या आकड्याने बल ठरत नाही, हेही त्यांतून निघते. आम्ही मात्र नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहिले. आजींचा हात हातात घेऊनही त्याचे बल पाहिले नाही. (केसपेपरवर ‘बल – मध्यम’ असे लिहिलेले होते, तेही आमच्याच हस्ताक्षरात.)

पकड मोजण्याचे यंत्र चिकित्सालयात असल्यास उत्तम; आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ व स्त्रियांसाठी १८ किलो ही खालची मर्यादा मानली आहे. नसल्यास एक खुर्ची व मनगटावरील घड्याळ पुरे. हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे-बसणे १४ सेकंदांत होते काय, एवढे पाहण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. गुडघेदुखी तीव्र असल्यास मात्र या कसोटीचा आग्रह धरू नये. औषधी विक्रेत्यांकडे तर आणखी सोपी परीक्षा आहे. आसवारिष्टाची वा तेलाची बाटली देताना ती ग्राहकाकडूनच उघडवून घ्यावी. न उघडल्यास सील आपण काढून झाकण सैल करून द्यावे आणि वैद्यास तसे कळवावे. रसायन कोणते द्यावे याची चर्चा त्यानंतरची.

आजींचे तेल आम्ही रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात ओतून दिले. योग पूर्वीचाच ठेवला. दीड महिन्याने गुडघ्यांचा स्तंभ बराच उतरला होता. पकड तेवढीच आहे.