विश्लेषण : जुनी बुलेट आयडलला अडखळते, दोष इंजिनात की बाहेर?

ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट सिग्नलला उभी राहिली की ठोके चुकवते, मधूनच बंद पडते, नाहीतर इंजिनातून खडखड ऐकू येते. अशा गाडीला गॅरेजमध्ये अनेकदा एकच उपाय सुचवला जातो : ‘हाफ इंजिन करून घ्या.’ यात प्रश्न फक्त खर्चाचा नाही. रिबोअर करताना सिलिंडरच्या आतला धातू कापला जातो आणि तो परत येत नाही. रिबोअर मोजक्याच वेळा करता येते. त्यानंतर स्लीव्ह घालणे किंवा मूळ सिलिंडर बदलणे एवढेच हाती उरते. म्हणून इंजिन खोलण्याआधी बाहेरचे दोष एकेक करून तपासणे महत्त्वाचे ठरते.

नेमका बिघाड कशाला म्हणायचे?

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेट ३५० चे इंजिन ३४६ सीसीचे आणि एका सिलिंडरचे. पिस्टनचा व्यास ७० मिमी, तर स्ट्रोक ९० मिमी. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण सातच ठोके पडतात. त्यामुळे प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणे हा दोष नाही. ठोक्यांची लय तुटणे, सायलेन्सरमधून फटके येणे किंवा गाडी आपोआप बंद पडणे हा दोष आहे.

सुरुवात कुठून करावी?

आधी प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. टोक तेलकट असेल तर ऑइल जळत असण्याची शक्यता असते.

त्यानंतर पॉइंट. त्यांची फट ०.३५ ते ०.४ मिमी असावी आणि ती फिलर गेजनेच मोजावी. पॉइंट जळालेले असतील, ते उघडताना मोठी ठिणगी दिसत असेल किंवा गार असताना नीट चालणारी गाडी तापल्यावर मिसिंग करत असेल, तर कंडेन्सर आणि कॉइलवर संशय घ्यावा. हेडलाइटच्या वरचा ॲमीटरही इथे कामाला येतो. चावी चालू ठेवून किक हळूहळू दाबली की पॉइंट जुळताना काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडताना मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर बॅटरी, वायरिंग किंवा मळलेले पॉइंट तपासावेत.

पॉइंटच्या मागे टायमिंग ॲडव्हान्स करणारी वजने आणि स्प्रिंगा असतात. स्प्रिंगा सैल झाल्या तर आयडल वरखाली होत राहते.

कार्बोरेटरचा दोष कसा ओळखावा?

रेस दिली की गाडी उत्तम चालते, सोडली की मरते, असे असेल तर पायलट जेट तुंबल्याची शक्यता मोठी. आयडलला लागणारे पेट्रोल याच बारीक छिद्रातून येते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर तिथे बसतो. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सीलही त्याने खराब होऊ शकतात.

चोक ओढल्यावर आयडल सुधारले तर मिश्रणात हवा जास्त आहे. त्याचे कारण तुंबलेले जेट असेल किंवा कार्बोरेटर आणि हेड यांमधल्या पॅकिंगमधून शिरणारी हवा. चालू इंजिनावर त्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. हँडल वळवल्यावर आयडल वाढत असेल तर दोष कार्बोरेटरचा नाही, ताणलेल्या केबलचा आहे.

हे सगळे नीट झाल्यावरच, इंजिन गरम असताना एअर स्क्रूला हात लावावा. पूर्ण आत फिरवून सुमारे दीड फेरा बाहेर, ही सुरुवात.

कोणता आवाज काय सांगतो?

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून आवाजाची जागा शोधण्याची मेकॅनिकांची पद्धत आजही उपयोगी आहे. ओढणी, सैल बाह्या आणि केस मात्र फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत.

• वरून येणारी हलकी टिकटिक : टॅपेट. इंजिन थंड आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये.

• टिकटिक, पण हेडपाशी काजळी : सायलेन्सरच्या पाइपचा जोड गळतो आहे. टॅपेट समजून फसवणारा आवाज हाच.

• डाव्या बाजूची खडखड : सैल प्रायमरी चेन. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच तपासावा.

• गार असताना ठकठक, तापल्यावर कमी : पिस्टन आणि सिलिंडरमधली झीज. लगेच धोका नाही, पण लक्ष हवे.

• खालून येणारा, ओझ्याखाली वाढणारा जड ठोका : बिग एंड बेअरिंग. गाडी तिथेच थांबवावी. पुढे चालवली तर कनेक्टिंग रॉड आणि क्रँककेसही जाऊ शकतात.

‘डगडग’ हवीच, म्हणून?

अनेक जण आवाजासाठी आयडल अगदी खाली उतरवून घेतात. या इंजिनात ऑइल पंप इंजिनाच्या वेगावरच चालतो. फेरे फार कमी झाले की बिग एंडपर्यंत ऑइल पुरेसे पोहोचत नाही. म्हणजे कानाला गोड वाटणारी लय बेअरिंगला महाग पडते.

मग इंजिन खोलायचे कधी?

प्लग वारंवार तेलकट होतो, निळा धूर थांबत नाही, कॉम्प्रेशन मोजल्यावर कमी भरते किंवा जड ठोका येतो, तेव्हा इंजिन खोलण्याला पर्याय नाही. बाकी वेळी एका वेळी एकच बदल करावा, गाडी चालवून पाहावी आणि मगच पुढच्या भागाकडे जावे. प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलले, तर गाडी सुधारेलही. पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल.